भार जातो कुठे?

धावताना टाच दुखू लागली की पहिला संशय बुटावर येतो. मग जाड सोलचे बूट घेतले जातात, त्यात सिलिकॉनची टाच बसते, कमानीला आधार देणारा इनसोल येतो. एवढं करूनही सकाळी पलंगावरून पाय खाली टेकताना कळ उठतेच, तेव्हा कुणीतरी नेमकं उलटं सुचवतं: हे सगळं काढून टाक, पातळ तळाचे सपाट ‘बेअरफूट’ बूट घाल, पाय आपोआप बरा होईल. धावणाऱ्यांच्या पायांशी ज्यांचा रोजचा कामाचा संबंध आहे, त्यांच्याकडे दोन्ही वाटांनी गेलेली माणसं येतात. काही जाड बुटाने निराश झालेली असतात, तर काही पातळ बुटाने नवं दुखणं घेऊन आलेली. या दुसऱ्या गटाची गंमत अशी की त्यांचं मूळ दुखणं बऱ्याचदा खरोखरच कमी झालेलं असतं. टाच आता ठीक असते, पण पोटरी आखडलेली असते. किंवा चवड्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मागे, सूज आलेली असते. मला हा योगायोग वाटत नाही. पातळ बूट पायावरचा भार काढून घेत नाही, तो एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवतो. त्यामुळे असे बूट चांगले की वाईट, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. भार कुठून उचलला, कुठे ठेवला आणि ती नवी जागा तो पेलायला तयार होती का, एवढं विचारलं तर मात्र उत्तर बऱ्यापैकी नेमकं मिळतं.

हिशोब तसा साधा आहे. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून येणारा जोर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीचपट असतो. सत्तर किलोच्या माणसासाठी तो पावणेदोनशे किलोच्या आसपास जातो. मिनिटाला १६० ते १८० पावलं धरली तर तासाभरात एकेका पायाला हा जोर पाचेक हजार वेळा झेलावा लागतो. बूट कोणताही घाला, शरीराचं वजन तेवढंच राहतं आणि ते तेवढ्याच वेळा जमिनीवर येतं. नेहमीच्या रनिंग बुटात टाच चवड्यापेक्षा आठ-दहा मिलिमीटर उंच असते, खाली मऊ फोम असतो. त्यामुळे पाऊल लांब पडतं, टाच आधी टेकते आणि धक्क्याचा मोठा वाटा नडगी आणि गुडघ्याकडे जातो. सपाट, पातळ बुटात टाच आपटली की लगेच कळतं. म्हणून पाऊल आपसूक आखूड होतं, चवडा किंवा पायाचा मधला भाग आधी टेकतो आणि काम घोटा, पोटरी आणि टाचेमागच्या अकिलिस शिरेकडे जातं. ही शीर साध्या धावण्यातही शरीराच्या वजनाच्या सहापटींहून अधिक ताण सोसत असते. तिच्यावर आणखी थोडं टाकणं ही लहान गोष्ट नव्हे. गुडघ्याच्या वाटीखाली दुखणाऱ्याला या अदलाबदलीत फायदा होऊ शकतो. ज्याची अकिलिस आधीच कुरकुरते आहे, त्याच्यासाठी हाच व्यवहार तोट्याचा. बाजारात ‘बेअरफूट’ नावाखाली काहीही विकलं जात असल्यामुळे २०१५ साली क्यूबेकमधल्या संशोधकांनी जगभरच्या ४२ तज्ज्ञांची मतं घेऊन एक मोजपट्टी तयार केली. वजन, लवचिकता, तळाची जाडी, टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक आणि पायाला वळू न देणाऱ्या योजना, अशा पाच गोष्टींवर बुटाला शंभरपैकी गुण. दुकानातल्या पाटीपेक्षा ही पट्टी जास्त उपयोगाची आहे, कारण भार किती हलणार याचा अंदाज तिच्यावरून येतो.

पातळ बुटांची लाट कुठून आली हे पाहिलं की तिच्यातला खरा भाग आणि फुगवलेला भाग वेगळे काढता येतात. २००९ साली ख्रिस्तोफर मॅकडूगल या अमेरिकी पत्रकाराचं ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक आलं. त्याच्या मुळाशी आपल्याच विषयातला प्रश्न होता: धावताना माझा पाय का दुखतो? उत्तर शोधत तो मेक्सिकोच्या चिवावा राज्यातल्या कॉपर कॅन्यनमध्ये, रारामुरी लोकांपर्यंत पोचला. जगाला ते ताराहुमारा या नावाने जास्त माहीत आहेत. टायरच्या रबराचा तळ आणि दोऱ्या, एवढ्याच चपलांवर डोंगरातून मैलोन्‌मैल धावणारे. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१० मध्ये, हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांचा निबंध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. केनियातल्या आणि अमेरिकेतल्या धावणाऱ्यांचे मोजमाप घेऊन त्यांनी दाखवलं की अनवाणी सवयीचे लोक चवड्यावर उतरतात आणि त्यांच्या आलेखात टाचेवर उतरणाऱ्यांसारखा धक्क्याचा अणकुचीदार उंचवटा जवळजवळ दिसत नाही. पुस्तकाने गोष्ट दिली, निबंधाने प्रतिष्ठा दिली आणि इटलीच्या व्हिब्रम कंपनीचे पाच बोटांचे बूट अमेरिकेच्या रस्त्यांवर दिसू लागले. पण त्या निबंधात धक्का मोजला होता, इजा मोजल्या नव्हत्या. धक्का कमी म्हणजे इजा कमी, ही पायरी वाचणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी आपली आपण चढून टाकली. फायद्याचे दावे पुराव्याशिवाय केल्याचा आरोप करणारा ग्राहकांचा खटला व्हिब्रमविरुद्ध अमेरिकेत २०१२ साली दाखल झाला. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण २०१४ मध्ये साडेसदतीस लाख डॉलरची तडजोड केली. अबेबे बिकिला १९६० साली रोममध्ये अनवाणी धावून ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला, हे या चळवळीतल्या प्रत्येकाला पाठ असतं. चार वर्षांनी टोकियोत त्याने बूट घालून, आणि तीन मिनिटं कमी वेळात, तीच शर्यत पुन्हा जिंकली, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: माणूस लाखो वर्षं अनवाणीच धावला, मग अनवाणी पायाला धोकादायक कसं म्हणता? या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचा एक भक्कम पुरावा आपल्या शेजारच्या कर्नाटकातून आलेला आहे. मणिपालच्या राव आणि जोसेफ या अस्थिशल्यविशारदांनी २३०० मुलांचे तळवे तपासून १९९२ साली लिहिलं की बूट-चपला वापरणाऱ्या मुलांमध्ये सपाट पायाचं प्रमाण ८.६ टक्के होतं, तर अनवाणी वावरणाऱ्यांमध्ये २.८ टक्के. बंद बुटांत ते सर्वाधिक होतं, उघड्या चपलांत त्याहून कमी. तीन वर्षांनी मणिपालहूनच मोठ्या माणसांची पाहणी आली. तिच्यात वयाच्या सहाव्या वर्षाआधी बूट घालू लागलेल्यांत सपाट पाय जास्त आढळले. जगभरच्या अनवाणीवाद्यांनी हे आकडे उचलून धरले. पण ते नीट वाचले तर त्यांच्याच पक्षाला अडचणीचे आहेत. ते सांगतात की पाय लहानपणी घडतो. केनियातला किंवा कॉपर कॅन्यनमधला माणूस चालायला लागला त्या दिवसापासून त्याच्या तळव्याची हाडं, स्नायू आणि कातडी या कामासाठी तयार होत आलेली असतात. पस्तिसाव्या वर्षी, वीस वर्षं शाळेचे आणि ऑफिसचे बूट घातल्यावर, पातळ सोल विकत घेणाऱ्याला ती तयारी बुटाच्या खोक्यात मिळत नाही. शिवाय ‘नैसर्गिक’ पाऊल एकच असतं हेही खरं नाही. उत्तर केनियातल्या दासनाच लोकांवरचा अभ्यास २०१३ साली आला. हेही जन्माचे अनवाणी. पण आपल्या सोयीच्या, लांब पल्ल्याच्या गतीने धावताना त्यांच्यातले बहुतेक जण टाचेवरच उतरतात, आणि वेग वाढला की काही जण चवड्याकडे वळतात. निसर्गाने एक पद्धत ठरवून दिली आणि बुटाने ती बिघडवली, ही मांडणी या निरीक्षणापुढे टिकत नाही.

महाराष्ट्रात याच आक्षेपाला वेगळा रंग येतो. मिलिंद सोमण २०१७ साली फ्लोरिडातली तीन दिवसांची अल्ट्रामॅन स्पर्धा अनवाणी पूर्ण करतात. लता करे बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारीत, पायात काही न घालता धावतात आणि पहिल्या येतात. आषाढीच्या वाटेवर अनवाणी चालणारे वारकरी तर आपण दर वर्षी पाहतो. ही उदाहरणं खोटी नाहीत, पण ती काय सिद्ध करतात? कष्टात घडलेले किंवा बऱ्याच वर्षांच्या सरावाने तयार झालेले पाय हे करू शकतात, एवढंच. ज्यांना ते जमलं नाही त्यांची नावं आपल्यापर्यंत पोचत नाहीत. आणि वारीचं म्हणाल तर ते चालणं आहे. तिथेही मुक्कामाच्या गावी तळव्यांना तेल चोळणारे आणि फोडांना मलम लावणारे सेवेकरी बसलेले असतात ते उगीच नव्हे. आपल्याकडचा एक खरा फरक मात्र या विषयावरच्या अमेरिकी सल्ल्यांत कुठेच सापडत नाही. बॉस्टनमधला माणूस थंडीत घरातसुद्धा पायात काहीतरी घालून असतो. आपण उंबऱ्याबाहेर चप्पल काढतो आणि सकाळ-संध्याकाळ फरशीवर अनवाणी वावरतो. त्यामुळे ‘रोज अर्धा तास घरात अनवाणी चाला’ ही परदेशी वेळापत्रकातली पहिली पायरी आपल्या बहुतेकांची जन्मापासून झालेली असते. ती झाली म्हणून पुढच्या पायऱ्या गाळता येतात असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. गुळगुळीत फरशीवर स्वयंपाकघरापर्यंत जाणं आणि काँक्रीटच्या रस्त्यावर तासाला पाच हजार वेळा एका चवड्यावर उतरणं, यांत हाडाच्या दृष्टीने फारसं साम्य नाही.

हाडाचा मुद्दा मी मुद्दाम लांबवणार आहे, कारण पातळ बुटांची सगळी अडचण तिथे आहे. युटातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात सॅरा रिज आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. छत्तीस सरावलेले धावणारे घेतले; एकोणीस जणांना पाच बोटांचे बूट दिले, सतरा जण आपल्या जुन्याच बुटांत राहिले. नव्या बुटांत एकदम धावू नये म्हणून तेव्हा प्रचलित असलेल्या सूचनांप्रमाणे, हळूहळू अंतर वाढवत, दहा आठवडे गेले. आधी आणि नंतर एमआरआय काढले. पातळ बुटांतल्या एकोणीसपैकी दहा जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. जुन्या बुटांत राहिलेल्यांत फक्त एकाच्या. हाडातली ही सूज म्हणजे चीर नव्हे, पण चिरेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं ते ठिकाण आहे. आता हे का होतं ते पाहू. भार वाढला की हाड आधी जुना भाग पोखरतं आणि मग त्या जागी नवा भरतं. पोखरणं लवकर होतं, भरणं सावकाश. त्यामुळे नवा भार सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी हाड आधीपेक्षा कमजोर असतं, भक्कम नसतं. स्नायूचं वेळापत्रक याच्या नेमकं उलट. पोटरी पहिल्याच आठवड्यात बोंबलते, दोन-तीन आठवड्यांत शांत होते. तालमीत पहिल्या दिवशी शंभर बैठका मारलेल्याच्या मांड्या चार दिवस धरतात आणि मग सुटतात, तसं. पोटरी सुटली की धावणारा म्हणतो, ‘पाय सरावला’, आणि अंतर वाढवतो. हा आठवडा नेमका चवड्याच्या हाडांचा सर्वांत नाजूक आठवडा असतो. त्यातलं दुसरं हाड बारीक, लांब आणि बुडाशी घट्ट बसवलेलं असल्यामुळे त्याला वाकायला वाव नसतो. पहिला बळी बहुधा तेच असतं. लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पायांचं वर्णन प्रशियाच्या ब्राइटहाउप्ट या लष्करी डॉक्टरने १८५५ सालीच करून ठेवलं होतं. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर ती सूज म्हणजे चवड्याच्या हाडाची चीर असल्याचं कळलं. दीडशे वर्षांनी तीच चीर हौशी धावणाऱ्यांच्या पायात, पातळ बुटांच्या वाटेने परत आली.

म्हणून ‘हळूहळू बदला’ हा सल्ला बरोबर असूनही बिनकामाचा ठरतो. हळूहळू म्हणजे किती, हे माणूस पोटरीला विचारून ठरवतो. विचारायला हवं हाडाला, आणि हाड तर बोलत नाही. रिज यांच्या प्रयोगातलं वेळापत्रक त्या काळी सावधच समजलं जात होतं, तरी दहा आठवडे पुरले नाहीत. पुढचे प्रयोगही याच दिशेला बोट दाखवतात. कॅनडातल्या एका अभ्यासात १०३ धावणाऱ्यांना बारा आठवडे तीन प्रकारचे बूट दिले: नेहमीचे, अर्धवट पातळ आणि पूर्ण पातळ. इजा झाल्या अनुक्रमे चार, बारा आणि सात जणांना. पूर्ण पातळ बुटांत नडगी आणि पोटरी जास्त दुखली. अर्धवट पातळ बूट सर्वांत वाईट ठरावा हे पहिल्यांदा वाचताना चमत्कारिक वाटतं. माझा तर्क असा की पूर्ण पातळ बूट टाच आपटली की लगेच दुखवतो आणि धावणाऱ्याला आवरतो. अर्धवट बुटात भार तर सरकतो, पण खालचा थोडा मऊपणा ती जाणीव बोथट करतो. हा तर्कच आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. ऑस्ट्रेलियातून २०१७ साली आलेल्या एकसष्ट जणांवरच्या प्रयोगाने आणखी एक गोष्ट पुढे आणली: शरीराचं वजन जितकं जास्त, तितका पातळ बुटांतला इजेचा धोका नेहमीच्या बुटांपेक्षा वाढत जातो. आपल्याकडे चाळिशीत, वजन उतरवायला म्हणून धावायला लागणाऱ्यांची संख्या पाहता हा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे, आणि दुकानात तो कुणी सांगत नाही.

दुसरा आक्षेप जास्त तगडा आहे. जाड, मऊ, कमानीला आधार देणाऱ्या बुटांनी तरी कुठे इजा थांबवल्या? पन्नास वर्षं कंपन्या फोम, हवा आणि जेल भरत आल्या, तरी धावणाऱ्यांचे पाय दुखतच राहिले. हे बरोबर आहे, आणि मान्य करायला संकोच नको. अमेरिकेच्या लष्करात, हवाई दलात आणि मरीन दलात तळव्याच्या आकारानुसार बूट देऊन पाहिले गेले; सगळ्यांना एकच बूट दिलेल्या तुकड्यांपेक्षा त्यांच्यात इजा कमी झाल्या नाहीत. दुकानात ओला तळवा कागदावर उमटवून ‘तुमचा पाय आत कलतो’ असं सांगत महागडा बूट काढला जातो, त्या प्रथेखाली पुराव्याचा पाया असा नाहीच. रनिंग बुटांवरच्या सगळ्या प्रयोगांचा कोक्रेन संस्थेचा २०२२ सालचा आढावाही असंच सांगतो की अमुक प्रकारच्या बुटाने इजा टळतात असं खात्रीने म्हणता येत नाही. पण ‘जाड बुटाचा फायदा सिद्ध नाही’ यातून ‘पातळ बुटाचा फायदा सिद्ध झाला’ असं निघत नाही, आणि नेमकी हीच उडी सतत मारली जाते. लक्झेंबर्गमध्ये ८४८ धावणाऱ्यांना मऊ किंवा कडक तळाचे, बाहेरून एकसारखे दिसणारे बूट देऊन सहा महिने पाहिलं, तेव्हा कडक तळाच्या गटात इजेचा धोका साधारण दीडपट निघाला. त्यातही मऊपणाचा लाभ अंगाने हलक्या असलेल्यांना झाला; जड माणसांना मऊ सोल हवा, ही सगळ्यांची समजूत तिथे खरी ठरली नाही. बुटाच्या बाबतीत ‘उघडच आहे’ असं वाटणारं काहीही मोजल्याशिवाय मानू नये, एवढा धडा दोन्ही पक्षांना घेता येईल.

तिसऱ्या आक्षेपात वाद कमी आणि साक्ष जास्त असते: काहीही म्हणा, माझं दुखणं या बुटांनीच गेलं. अशी साक्ष खोटी ठरवण्याचं कारण नाही, पण तिचा अर्थ काय लावायचा हा प्रश्न उरतोच. टाचदुखीचं सर्वांत सामान्य कारण म्हणजे तळव्याखालचा पट्टा, प्लांटर फॅशिया, दुखावणं. त्यातून बहुसंख्य माणसं वर्षभरात, काहीही केलं तरी, बरी होतात. माणूस नवा उपाय करतो तो दुखणं शिगेला पोचल्यावर; म्हणजे तिथून ते बहुधा उतरणारच असतं. त्यात पातळ बूट घेणारा फक्त बूट बदलत नाही. तो अंतर एकदम कमी करतो, कारण तसं लिहून दिलेलं असतं. पाऊल आखूड घेतो. आठवड्यातले दोन-तीन दिवस विश्रांती घेतो. पोटरीचे आणि बोटांचे व्यायाम करतो. जाड बुटांतच राहून ही चार कामं केली असती तर? गुडघेदुखीच्या बाबतीत हे तपासून झालं आहे. क्यूबेकच्याच गटाने २०१८ साली ६९ धावणाऱ्यांचे तीन भाग केले. एकाला फक्त भार कसा सांभाळायचा हे शिकवलं, दुसऱ्याला त्याखेरीज व्यायाम दिले, तिसऱ्याला व्यायामांऐवजी धावण्याची ढब बदलायला शिकवली. तिन्ही गट सारखेच सुधारले. कामाला आला तो दुखण्याप्रमाणे अंतर, वेग आणि चढ कमी-जास्त करण्याचा शहाणपणा. बाकीचं वर लावलेलं होतं. बुटाला मिळणाऱ्या श्रेयातला बराच भाग याच शहाणपणाचा असावा असं माझं मत आहे.

मग पातळ बुटांना काहीच अर्थ नाही का? आहे, आणि चांगला आहे. फक्त तो धावण्याआधी चालण्यात सापडतो. सॅरा रिज यांच्याच पुढच्या, २०१९ सालच्या अभ्यासात धावणाऱ्यांना पातळ बुटांत रोज ठरावीक पावलं चालायला लावलं. आठ आठवड्यांनी त्यांच्या तळव्यातले छोटे स्नायू खास व्यायाम करणाऱ्यांइतकेच मजबूत आणि जाड झाले होते. लिव्हरपूलमधल्या २०२१ च्या अभ्यासात सहा महिने रोजच्या कामकाजात असे बूट वापरणाऱ्यांच्या पायाची ताकद सत्तावन्न टक्क्यांनी वाढली. हे स्नायू मजबूत असण्याचा धावणाऱ्याला उपयोग होतो का, याचंही उत्तर ब्राझीलमधून आलं: ११८ धावणाऱ्यांपैकी ज्यांनी तळव्याचे व्यायाम केले नाहीत, त्यांना वर्षभरात इजा होण्याचा संभव व्यायाम करणाऱ्यांच्या जवळजवळ अडीचपट होता. टाचदुखीसाठी तर बुटाशिवायचा एक उपाय तपासलेला आहे. बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून, पायरीवर एका पायाने टाच सावकाश वर-खाली करायची, दिवसाआड, हळूहळू पाठीवर वजन वाढवत. डेन्मार्कमधल्या ४८ रुग्णांत तीन महिन्यांनी या गटाची प्रगती नुसतं ताणणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे सरस होती. वर्षाअखेरीस मात्र दोन्ही गट सारखेच झाले, कारण काळानेही आपलं काम केलं होतं. व्यायामाने काळ वाचवला, आणि नऊ महिने आधी बरं वाटणं ही दुखणाऱ्याच्या लेखी लहान गोष्ट नाही. या सगळ्यात पातळ बूट बसतो तो डंबेलच्या जागी. ऑफिसला जाताना, बाजारहाट करताना, मातीच्या मैदानावर फेऱ्या मारताना तो घालावा. रविवारच्या लांब पल्ल्याला नको.

कुणाचं कोणतं दुखणं यावरून पुढचा निर्णय बदलतो. बोटं आवळली जाऊन होणारी भोवरी, अंगठ्याचं काळं पडणारं नख, तिसऱ्या-चौथ्या बोटांमधली आग यांचं मूळ बऱ्याचदा पुढे निमुळत्या होणाऱ्या बुटात असतं, आणि पातळ बुटांची पुढची पसरट जागा तिथे लगेच आराम देते. पण तो आराम रुंदीचा आहे, पातळपणाचा नव्हे. रुंद पंजाचा जाड बूट घेतला तरी तो मिळतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखणाऱ्याने आधी त्याच बुटात मिनिटाला पाच-दहा टक्के जास्त, म्हणजे आखूड, पावलं टाकून पाहावीत. गुडघ्यावरचा भार त्यानेही हलका होतो आणि पैसे लागत नाहीत. अकिलिस किंवा पोटरी दुखणाऱ्याने, अंगठ्याचा सांधा ताठर झालेल्याने, पूर्वी हाडाला चीर गेलेल्याने पातळ बुटांत धावण्याचा नाद सोडलेला बरा. आणि मधुमेह असलेल्यांनी तर आधी तळव्याची संवेदना तपासून घ्यावी. जमिनीचा स्पर्श कळावा यासाठी हा सगळा खटाटोप. ज्या पायाला स्पर्शच कळत नाही, त्याच्यासाठी पातळ सोल म्हणजे काचेला आणि खिळ्याला दिलेलं आमंत्रण. उन्हाळ्यातल्या दुपारच्या डांबराचं वेगळं सांगायला नको.

हे सगळं ऐकूनही ज्याला पातळ बुटांत धावायचंच आहे, त्याने वर्षाचा हिशोब धरावा. पहिले तीन-चार महिने फक्त चालणं. एका पायावर उभं राहून पंचवीस वेळा टाच पूर्ण उचलता आली की मग नेहमीच्या धावण्याच्या शेवटी, मऊ जमिनीवर, काही मिनिटं. बाकीचं अंतर जुन्याच बुटांत. वाढवायचं ते दर आठवड्याला नाही. एका टप्प्यावर तीन-चार आठवडे थांबून, कारण हाडाला तेवढे लागतात. मंद, पसरलेलं, चालल्यावर सैल होणारं दुखणं स्नायूचं असतं आणि ते सोसायला हरकत नाही. पण चवड्याच्या वरच्या बाजूला एका बोटाने नेमकी दाखवता येईल अशी जागा दाबल्यावर दुखत असेल, धावताना दर किलोमीटरला वाढत असेल, विश्रांतीतही ठसठसत असेल, तर त्या दिवशी धावणं थांबवून अस्थितज्ज्ञाकडे जावं. तिथे काढलेल्या साध्या एक्स-रेमध्ये ही चीर पहिले दोन-तीन आठवडे बहुधा दिसतच नाही. त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर दुसऱ्या दिवशी बूट चढवू नयेत. एमआरआय करायचा, की पंधरा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायचा, हे डॉक्टरांना तिथेच विचारून घ्यावं.